डीएनएस संथ का होतं: टाइमआउट, कॅश आणि फॉरवर्डिंग

समजा, ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, शंभर क्वेरी (प्रश्न) आल्या. त्यांपैकी ८९ची उत्तरं कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या उत्तरांतून, एका मिलिसेकंदात गेली. दहा क्वेरींसाठी बाहेर जावं लागलं, प्रत्येकी १२० मिलिसेकंद लागले. उरलेल्या एका क्वेरीचं पॅकेट वाटेत हरवलं आणि विचारणाऱ्या मशीनने पाच सेकंद थांबून पुन्हा विचारलं. आता सरासरी काढा: ०.८९ अधिक १२ अधिक ५०, म्हणजे जवळजवळ ६३ मिलिसेकंद. कॅशमधून जाणारी उत्तरं ८९ची ९४ केली तर या सरासरीतले सहा मिलिसेकंद वाचतात. ती एक हरवलेली क्वेरी थांबवली तर पन्नास वाचतात.

डीएनएसचा वेग वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण कॅश मोठी करतात आणि फॉरवर्डर (आपला सर्व्हर ज्या बाहेरच्या सर्व्हरकडे प्रश्न पुढे पाठवतो तो) बदलतात. या दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्यांचा नंबर टाइमआउटनंतर, म्हणजे न आलेल्या उत्तराची वाट बघण्यात जाणाऱ्या वेळेनंतर, लागतो. म्हणून इथेही त्याच क्रमाने जाऊ या.

डोळ्यांसमोर ठेवलेलं उदाहरण असं: दोन-तीनशे मशीनचं ऑफिस किंवा कॉलेज, डेबियन लिनक्सवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर, आतल्या नावांसाठी विंडोजचे दोन डोमेन कंट्रोलर आणि बाहेर जायला एक-दोन ब्रॉडबँड लाइन. सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत; कॉन्फिग फाइलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने लिहायची, जोडरेघेसकट.

आधी मोजा

ब्राउझर उघडून ‘साइट लवकर आली का’ हे पाहून काहीच कळत नाही. ब्राउझरची स्वतःची कॅश असते, ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी. ‘डिग’ हे डीएनएसला प्रश्न विचारायचं साधन वापरा आणि ॲट चिन्हापुढे सर्व्हरचा पत्ता देऊन थेट त्यालाच विचारा. उत्तराच्या शेवटी ‘क्वेरी टाइम’ येतो. तेच नाव लागोपाठ दोनदा विचारा. पहिल्यांदा १४० आणि दुसऱ्यांदा ० किंवा १ मिलिसेकंद आला, तर कॅश काम करते आहे. दुसऱ्यांदाही १४०च आला, तर टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये ठेवायचं तो आकडा) बघा. तो शून्य असेल किंवा दोन्ही वेळा मूळ आकडाच दिसत असेल, तर उत्तर कॅशमध्ये टिकत नाहीये, किंवा मध्ये कुणीतरी दुसराच सर्व्हर उत्तर देतो आहे.

एखादं नाव कॅशमध्ये आहे का हे बघायला काही जण ‘प्लस नोरिकर्स’ लावून डिग चालवतात आणि अनबाउंडकडून ‘रिफ्यूज्ड’ आलं की गोंधळतात. त्यात बिघाड काही नाही. ॲक्सेस-कंट्रोलमध्ये ‘अलाउ’ लिहिलं की अनबाउंड फक्त रिकर्शन (बाहेर जाऊन पूर्ण उत्तर शोधून आणणं) मागणाऱ्या क्वेरींना उत्तर देतो. कॅशमध्ये डोकावायचं असेल तर फक्त ॲडमिनच्या मशीनच्या पत्त्याला ‘अलाउ-स्नूप’ द्या (फाइलमध्ये या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो).

खरी माहिती मिळते ती ‘अनबाउंड-कंट्रोल स्टॅट्स-नोरिसेट’मधून (अनबाउंड-कंट्रोलपुढच्या अशा आज्ञांतही जोडरेघेऐवजी अंडरस्कोर असतो). नुसतं ‘स्टॅट्स’ चालवलं तर प्रत्येक वेळी आकडे शून्यावर जातात आणि दिवसाचा हिशेब बिघडतो. एकूण क्वेरी, कॅश-हिट आणि कॅश-मिस हे तीन आकडे सगळेच बघतात. त्यांच्याखाली रिकर्शन टाइमचे दोन आकडे असतात, सरासरी आणि मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा). हे दोन्ही फक्त बाहेर जाऊन आणलेल्या उत्तरांचे असतात. मीडियन ४० मिलिसेकंद आणि सरासरी ३००, असं चित्र दिसलं तर बहुतेक उत्तरं वेळेत येत आहेत, पण थोड्या क्वेरी फार लांबवर अडकत आहेत. अशा वेळी कॅश वाढवून काही उपयोग नाही. त्याच यादीत ‘रिक्वेस्टलिस्ट-एक्सीडेड’ शून्य आहे ना, तेही बघून घ्या. तो आकडा वाढत असेल तर यादी भरल्यामुळे सर्व्हर क्वेरी टाकून देतो आहे.

पाच सेकंद कुठून येतात

लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीचा रिझॉल्व्हर (नावांचे पत्ते शोधणारा भाग) ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ फाइलमधले पहिले तीनच नेमसर्व्हर बघतो आणि त्यांना क्रमाने विचारतो. एकाकडून उत्तर आलं नाही तर पाच सेकंद थांबतो, मग पुढच्याकडे जातो. अशा दोन फेऱ्या. पहिल्या ओळीतला सर्व्हर बंद पडला की त्या मशीनवरची प्रत्येक नवी क्वेरी पाच सेकंदांनी सुरू होते, कारण पहिला मेला आहे हे तो पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवत नाही. ‘दुसरा डीएनएस दिलाय ना, मग काळजी नाही’ हा समज इथे फसवतो. ‘ऑप्शन्स’च्या ओळीत टाइमआउट २ आणि ॲटेम्प्ट्स २ द्या. टाइमआउट १ करण्याचा मोह टाळा. त्याचं कारण पुढे एक्स्पायर्ड उत्तरांपाशी येईल. उबुंटूवर या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसत असेल तर मध्ये सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड बसलेला आहे. तिथे खरे सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल’ दाखवतो.

दुसरा सर्व्हर म्हणून ८.८.८.८ देण्याची पद्धत आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास दिसते: पहिला आतला, दुसरा गूगलचा. हे करू नका. डीएनएसमध्ये ‘पहिल्याला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचार’ असा नियम नाही. पहिल्याने उत्तर दिलं नाही तरच दुसऱ्याकडे जायचं, एवढाच नियम आहे. एखाद्या क्षणी पहिल्याला उशीर झाला की मशीन बाहेर जातं, आतल्या फाइल सर्व्हरचं नाव गूगलला विचारतं आणि ‘असं नाव नाही’ हे ठाम उत्तर घेऊन येतं. ते नकारार्थी उत्तर कॅश होतं आणि प्रिंटर, लॉगिन, शेअर ड्राइव्ह कधी चालतात, कधी चालत नाहीत. दुसरा सर्व्हर म्हणजे तंतोतंत तीच कॉन्फिग असलेला दुसरा अनबाउंड. एखादं लहान व्हर्च्युअल मशीनही त्याला पुरतं. त्याही पुढे जायचं तर कीपअलाइव्हडी या प्रोग्रामने दोघांमध्ये एक फिरता पत्ता ठेवा. एक बंद पडला तर पत्ता दुसऱ्याकडे जातो आणि मशीनना थांबावं लागत नाही.

सर्व्हरकडून बाहेर जाताना क्वेरी हरवतात त्याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यांत जास्त दिसतं ते अर्धवट आयपीव्ही६. सर्व्हरला व्ही६ पत्ता आहे, पण पुढे वाट नाही. अनबाउंड व्ही६ पत्त्यावर विचारतो, वाट बघतो, मग व्ही४वर येतो. डू-आयपी६ला ‘नो’ म्हणा. आतल्या मशीन सर्व्हरशी व्ही६वर बोलत असतील तर त्याऐवजी प्रिफर-आयपी४ ‘येस’ करा. याने क्वॉड-ए रेकॉर्ड (व्ही६ पत्ते असलेली उत्तरं) मिळायचे थांबत नाहीत. फक्त अनबाउंड बाहेर कोणत्या वाटेने जातो ते बदलतं.

दुसरं कारण फायरवॉल. डीएनएस म्हणजे यूडीपी ५३ एवढंच समजून टीसीपी ५३ बंद ठेवलेला असतो. उत्तर मोठं असलं की ते कापलेलं येतं, सर्व्हर टीसीपीने पुन्हा विचारायला जातो आणि तिथे भिंत. २०२०च्या डीएनएस फ्लॅग डेपासून ईडीएनएसचं (डीएनएसच्या विस्ताराचं) यूडीपी माप, म्हणजे एका पॅकेटमधल्या उत्तराची कमाल लांबी, १२३२ बाइट धरतात आणि अनबाउंडच्या नव्या आवृत्त्यांत तेच डिफॉल्ट आहे. कुणीतरी जुन्या लेखातून ४०९६ उतरवून ठेवलं असेल तर काढून टाका. तुकड्यांत येणारी मोठी यूडीपी पॅकेट अनेक राउटर आणि फायरवॉल गिळून टाकतात.

तिसरं कारण कनेक्शन ट्रॅकिंग. रिकर्शन करणारा सर्व्हर प्रत्येक क्वेरी नव्या पोर्टवरून पाठवतो, सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. लिनक्स फायरवॉल अशा प्रत्येक यूडीपी नोंदीला ३० सेकंद धरून ठेवतो. टेबल भरलं की कर्नल लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ येते आणि क्वेरी मुकाट्याने गळतात. सर्व्हरवरच फायरवॉल असेल तर पोर्ट ५३च्या ये-जा दोन्ही वाहतुकीला ‘नोट्रॅक’ लावा आणि परत येणाऱ्या उत्तरांना नियमांत वाट ठेवा. ब्रॉडबँडबरोबर येणाऱ्या स्वस्त राउटरमध्ये मात्र हे टेबल लहान असतं आणि वाढवता येत नाही. फॉरवर्डिंग करायचं हे एक रास्त कारण आहे, कारण टीएलएस या कूटबद्ध जोडणीवरून एक-दोन फॉरवर्डरशीच बोललं की नोंदी बोटावर मोजण्याइतक्या होतात.

कॅशमध्ये नेमकं काय असतं

अनबाउंडच्या कॅशचे कप्पे वेगवेगळे आहेत. मेसेज कॅशमध्ये ‘या प्रश्नाला हे उत्तर’ अशी जुळणी असते, आरआरसेट कॅशमध्ये प्रत्यक्ष रेकॉर्ड असतात आणि इन्फ्रा कॅशमध्ये बाहेरच्या कोणत्या सर्व्हरला उत्तराला किती वेळ लागतो याची नोंद असते. पहिल्या दोन्हींचं डिफॉल्ट माप ४ एमबी आहे. घरच्या राउटरला ते पुरेल, तीनशे मशीनना कमी पडतं. मेसेज कॅश ६४ एमबी आणि आरआरसेट कॅश तिच्या दुप्पट, १२८ एमबी ठेवा. प्रत्यक्षात मेमरी या बेरजेच्या दोन-अडीचपट लागू शकते, म्हणजे इथे ५०० एमबीच्या आसपास. एक-दोन जीबी रॅमच्या मशीनवर हे आरामात बसतं. याहून मोठ्या कॅशने फरक पडत नाही, कारण रेकॉर्ड बाहेर पडतात ते मुख्यतः टीटीएल संपल्यामुळे.

थ्रेड प्रोसेसरच्या कोअरइतके ठेवा. ‘स्लॅब्ज’ची (कॅशचे किती भाग पाडायचे, ती) सेटिंग दोनच्या घातातली लागते: २, ४, ८. थ्रेडच्या संख्येजवळची निवडा, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या कुलपापाशी ताटकळत नाहीत. सकाळी साडेदहाला सगळी मशीन एकदम सुरू होतात त्या लोंढ्यासाठी एसओ-आरसीव्हीबफ ४ एमबी करा. त्याबरोबर कर्नलची आरमेम-मॅक्स मर्यादाही वाढवावी लागते, नाहीतर मागितलेलं माप मिळतच नाही.

‘मिस’ म्हणजे दर वेळी रूटपासून सुरुवात, असंही नाही. रूट झोनमध्ये डॉट-कॉमसारख्या डोमेनच्या डेलिगेशनचा (पुढचे सर्व्हर कोणते हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. डॉट-कॉमच्या सर्व्हरकडून मिळणाऱ्या डेलिगेशनचाही तेवढाच. अनबाउंडचं कॅश-मॅक्स-टीटीएल डिफॉल्टने एक दिवस आहे, तरी दिवसभर ही माहिती हाताशीच असते. म्हणून गरम कॅशवर बहुतेक मिस एकाच फेरीत सुटतात: थेट त्या डोमेनच्या सर्व्हरकडे. एखादं नाव सीनेममधून (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या रेकॉर्डमधून) सीडीएनच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून मजकूर देणाऱ्या सेवेच्या, दुसऱ्या डोमेनवर जात असेल तर दोन-तीन फेऱ्या. रिकाम्या कॅशवर मात्र सगळंच पहिल्यापासून. त्यामुळे दर बदलाला सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. आधी ‘अनबाउंड-चेककॉन्फ’ने फाइल तपासा, मग ‘अनबाउंड-कंट्रोल रीलोड-कीप-कॅश’ चालवा. उन्हाळ्यात वीज ये-जा करत असेल तर यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर आणि फायबरचा ओएनटीही (फायबर जिथे येते तो डबा) जोडा. नाहीतर सर्व्हर जिवंत, लाइन मेलेली आणि रांगेत शेकडो क्वेरी.

प्रीफेच ‘येस’ करा, याला फार विचार लागत नाही. टीटीएलच्या शेवटच्या दहा टक्क्यांत कुणी विचारलं तर उत्तर लगेच कॅशमधून जातं आणि अनबाउंड मागून ताजं रेकॉर्ड आणून ठेवतो. ३०० सेकंदांच्या रेकॉर्डला ही खिडकी ३० सेकंदांची, ३० सेकंदांच्या रेकॉर्डला जेमतेम ३. म्हणजे सतत विचारल्या जाणाऱ्या नावांनाच फायदा. बदल्यात बाहेर जाणाऱ्या क्वेरी साधारण दहा टक्के वाढतात. सौदा चांगला आहे. डीएनएससेक (उत्तरांवरची डिजिटल सही) तपासत असाल तर प्रीफेच-की सुद्धा चालू ठेवा.

कॅश-मिन-टीटीएलबद्दल मात्र ठाम नकार. इंटरनेटवर ‘ते ३६०० करा, सगळं उडायला लागेल’ असा सल्ला फिरतो. कमी टीटीएल ठेवणाऱ्याने तो बहुधा हेतूने ठेवलेला असतो: एक सर्व्हर पडला की मिनिटाभरात दुसऱ्याचा पत्ता देता यावा म्हणून. तुम्ही तो तासभर धरून ठेवलात तर सगळ्या जगाला चालणारी साइट फक्त तुमच्या ऑफिसात बंद राहते आणि कारण शोधताना अर्धा दिवस जातो. बाइंड या दुसऱ्या डीएनएस सर्व्हरने ही सेटिंग दिली, पण तिला ९० सेकंदांची वरची मर्यादा घातली. तो शहाणपणा अनबाउंडवरही हाताने पाळावा. अगदीच हवं असेल तर ३० ते ६० सेकंद, त्यापुढे नाही.

कमी टीटीएलचा त्रास कमी करायचा चांगला मार्ग म्हणजे सर्व्ह-एक्स्पायर्ड. मुदत संपलेलं उत्तर फेकून न देता बाजूला ठेवायचं आणि ताजं मिळालं नाही तर तेच द्यायचं. २०२०च्या आरएफसी ८७६७ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) याची शिस्त घालून दिली: आधी ताजं आणायचा प्रयत्न करा, १.८ सेकंदांत जमलं नाही तर जुनं द्या, त्यावर ३० सेकंदांचा टीटीएल लावा. अनबाउंडमध्ये सर्व्ह-एक्स्पायर्ड ‘येस’, सर्व्ह-एक्स्पायर्ड-टीटीएल ८६४०० आणि सर्व्ह-एक्स्पायर्ड-क्लायंट-टाइमआउट १८०० लिहा. शेवटचा आकडा शून्य ठेवला तर जुनं उत्तर तत्काळ जातं आणि ताजं मागून येतं. आकडे सुंदर दिसतात, पण रात्रभर कुणी न विचारलेल्या नावाचा सकाळचा पहिला पत्ता कालचा असतो. म्हणून १८०० हाच पर्याय बरा. मशीनवरचा टाइमआउट १ करू नका असं वर म्हटलं ते यासाठी: सर्व्हर १.८ सेकंदाला जुनं उत्तर देणार आणि मशीन १ सेकंदालाच कंटाळून पुढे गेलेलं असणार. ब्रॉडबँड लाइन दिवसातून चार वेळा झुलत असेल तिथे या सेटिंगचा उपयोग लगेच जाणवतो.

‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा कॅश होतं. किती वेळ, ते त्या झोनच्या (डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या) एसओए या मुख्य रेकॉर्डवरून ठरतं: एसओएचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातलं शेवटचं ‘मिनिमम’ फील्ड, यांतला जो लहान तो. हा नियम १९९८च्या आरएफसी २३०८चा. नवं रेकॉर्ड टाकण्याआधीच कुणी उत्सुकतेने ते नाव तपासून बघितलं की नकार कॅशमध्ये बसतो. मिनिमम ३६०० असेल तर पुढचा तासभर नवं रेकॉर्ड ‘चालत नाही’. अशा वेळी सगळी कॅश उडवायची गरज नाही. ‘अनबाउंड-कंट्रोल फ्लश’पुढे तेवढंच नाव द्या, पूर्ण झोनसाठी फ्लश-झोन. आतल्या झोनचा मिनिमम ३०० ठेवला तर ही वेळ क्वचितच येते.

फॉरवर्ड करायचं की नाही

इथे अंतराचा हिशेब कामी येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद. केबल वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरंच जास्त. सिंगापूर चार हजार किलोमीटरच्या आत, किमान ३९. एखाद्या डोमेनचे सर्व्हर युरोपातच असतील तर स्वतः रिकर्शन करणाऱ्याला ही किंमत दर मिसला मोजावी लागते. मुंबईतल्या मोठ्या रिझॉल्व्हरकडे फॉरवर्ड केलं आणि तेच नाव दुसऱ्या कुणी आधी विचारलेलं असलं, तर पुण्यातल्या ऑफिसला ते काही मिलिसेकंदांत मिळतं. दहा-वीस मशीनच्या ऑफिसात स्वतःची कॅश पुरेशी गरम होतच नाही, तिथे फॉरवर्डिंग नक्की फायद्याचं. हजार-दोन हजार मशीनच्या कॅम्पसमध्ये स्वतःचं रिकर्शन बरोबरीला येतं आणि एक परावलंबन कमी होतं. मधल्या आकाराला मोजूनच ठरवावं लागतं. मोजताना ज्या लाइनवरून वाहतूक जाणार तिथूनच मोजा: सार्वजनिक रिझॉल्व्हरचा पत्ता एकच असला तरी त्याचे सर्व्हर जगभर पसरलेले असतात आणि तुमची कंपनी पॅकेट मुंबईला नेते की दुसऱ्याच शहराला, हे ‘एमटीआर’ (पॅकेटची वाट दाखवणारं साधन) चालवल्याशिवाय कळत नाही.

फॉरवर्डिंगचा एक तोटा सहसा लक्षात येत नाही. फॉरवर्डरकडून येणाऱ्या उत्तराचा टीटीएल अर्धामुर्धा संपलेला असतो. मूळ ३०० सेकंदांचं रेकॉर्ड तुमच्याकडे कधी २८०, कधी ४० सेकंद शिल्लक ठेवून येतं. सरासरी धरली तर निम्मंच. म्हणजे तुमच्या कॅशमधून ते लवकर जातं आणि मिस वाढतात. प्रत्येक मिस स्वस्त पडते पण संख्येने जास्त असते. म्हणून फॉरवर्डिंग सुरू केल्यावर कॅश-हिटचं प्रमाण थोडं घसरलं तर घाबरू नका, पाहायची ती रिकर्शनची सरासरी.

दुसरा प्रश्न सीडीएनचा. व्हिडिओ आणि मोठ्या फाइल देणाऱ्या सेवा विचारणाऱ्या रिझॉल्व्हरच्या जागेवरून जवळचा सर्व्हर ठरवतात. गूगलचा ८.८.८.८ ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड९चा ९.९.९.९ कळवत नाहीत. रिझॉल्व्हरची शाखा मुंबईत आणि तुम्हीही महाराष्ट्रात, तर फरक जाणवणार नाही. क्वेरी सिंगापूरहून फिरत असेल तर नाव पाच मिलिसेकंद लवकर मिळेल आणि व्हिडिओ दोन देश ओलांडून येईल. असा व्यवहार नको.

फॉरवर्डर निवडताना अनबाउंडची एक सवय माहीत हवी. तो सगळ्यांत वेगवान सर्व्हरच दर वेळी निवडत नाही. सर्वांत जलद सर्व्हरपेक्षा ४०० मिलिसेकंदांपर्यंत मागे असलेले सगळे एकाच गटात धरतो आणि त्यांतून यदृच्छेने उचलतो. म्हणजे ५ मिलिसेकंदांचा फॉरवर्डर असताना ‘बॅकअप म्हणून’ १८० मिलिसेकंदांचा जोडलात, तर निम्म्या क्वेरी त्या संथ सर्व्हरकडे जातात. यादीत जवळपास सारख्याच वेगाचे दोन किंवा तीनच ठेवा. संथ ठेवावाच लागला तर फास्ट-सर्व्हर-परमिल ९०० आणि फास्ट-सर्व्हर-नम १ करा. हजारातल्या नऊशे क्वेरी तरी हमखास जलद सर्व्हरकडे जातील. बाइंड आपल्या फॉरवर्डरांची वेळ मोजत राहतो आणि जलद असेल त्याला झुकतं माप देतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

टीएलएसवरून फॉरवर्ड करायचं तर फॉरवर्ड-टीएलएस-अपस्ट्रीम ‘येस’, पत्त्यापुढे ॲट चिन्ह आणि पोर्ट ८५३, त्यापुढे हॅश चिन्ह आणि प्रमाणपत्रावरचं नाव. टीएलएस-सर्ट-बंडलची वाट द्यायला विसरलात तर प्रमाणपत्र पडताळता येत नाही आणि प्रत्येक क्वेरीला ‘सर्वफेल’ (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) येतं. अनबाउंडची १.१३च्या आधीची आवृत्ती या कामाला वापरू नका. ती प्रत्येक क्वेरीसाठी नवं कनेक्शन उघडते, म्हणजे उत्तराआधी हस्तांदोलनाच्या किमान दोन जादा फेऱ्या. १.१३पासून उघडलेलं कनेक्शन पुन्हा वापरलं जातं.

आतली नावं

कंपनीच्या डोमेनसाठी वेगळा फॉरवर्ड-झोन करा आणि त्यात दोन्ही डोमेन कंट्रोलरचे पत्ते द्या. खालची सगळी उपनावं, विंडोजच्या अंडरस्कोरवाल्या नावांसकट, त्यात आपोआप येतात. उपझोन दुसऱ्या सर्व्हरवर सोपवलेले असतील तर फॉरवर्ड-झोनऐवजी स्टब-झोन घ्या. फॉरवर्ड म्हणजे ‘तयार उत्तर आणून दे’, स्टब म्हणजे ‘तुझ्याजवळचं सांग, पुढचं मी शोधतो’.

एवढं करूनही आतली नावं चालत नाहीत, तेव्हा बहुधा तीनपैकी एक ओळ राहिलेली असते. डोमेन-इनसिक्युअर नसेल तर डीएनएससेक पडताळणी आतल्या झोनला खोटं ठरवू शकते आणि सर्वफेल येतं. प्रायव्हेट-ॲड्रेसचं संरक्षण लावलेलं असेल तर प्रायव्हेट-डोमेनमध्ये आपलं डोमेन लिहावं लागतं, नाहीतर १९२.१६८चे पत्ते उत्तरातून गाळले जातात. आणि उलट्या शोधासाठी, म्हणजे पत्त्यावरून नाव, फॉरवर्ड-झोन लिहूनही ‘असं नाव नाही’ येत असेल तर अनबाउंड खासगी पत्त्यांचे उलटे झोन स्वतःच नकार देऊन बंद करतो हे कारण. त्या झोनला लोकल-झोनमध्ये ‘नोडिफॉल्ट’ द्या. त्याच यंत्रावर दुसऱ्या पोर्टला चालणाऱ्या सर्व्हरकडे १२७.०.०.१ने फॉरवर्ड करत असाल तर डू-नॉट-क्वेरी-लोकलहोस्ट ‘नो’ करावं लागतं. डिफॉल्टने ते ‘येस’ असतं.

सर्वांत वाईट म्हणजे चक्र. डोमेन कंट्रोलरवर फॉरवर्डर म्हणून अनबाउंड दिलाय आणि अनबाउंडने १० नंबरी पत्त्यांचा उलटा झोन डोमेन कंट्रोलरकडे पाठवलाय. डोमेन कंट्रोलरवर तो उलटा झोन तयारच केलेला नसला, तर तो ‘माझ्याकडे नाही’ म्हणून क्वेरी अनबाउंडकडे परत पाठवतो, अनबाउंड पुन्हा त्याच्याकडे. दोघेही एकमेकांची वाट बघत टाइमआउट होतात. एसएसएच लॉगिन, मेल सर्व्हर, काही प्रिंट सर्व्हर जोडणी आली की उलटा शोध करतात, त्यामुळे ‘लॉगिनला दहा सेकंद लागतात’ अशा तक्रारीमागे हे चक्र निघतं. डोमेन कंट्रोलरवर उलटा झोन तयार करा, रिकामा का असेना. तो अधिकाराने ‘नाही’ म्हणू लागला की चक्र तुटतं.

अनबाउंडऐवजी राउटरवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर असेल तर डिफॉल्ट कॅश फक्त १५० नावांची आहे. एक बातम्यांचं पान उघडलं तरी त्यातली बरीचशी भरते. १००० ते ५००० करा. एकाच वेळी पुढे पाठवलेल्या क्वेरींची मर्यादाही १५०च, ती ओलांडली की लॉगमध्ये तसं लिहून येतं. ‘ऑल-सर्व्हर्स’ लावलं तर तो प्रत्येक क्वेरी सगळ्या फॉरवर्डरना पाठवून पहिलं उत्तर घेतो, लहान जागी हे छान चालतं. बाइंडवाल्यांनी मॅक्स-कॅश-साइझ बघून ठेवावी: नव्या आवृत्त्यांत ती मशीनच्या मेमरीच्या ९० टक्के धरली जाते आणि त्याच मशीनवर दुसरं काही चालत असेल तर दोघांची ओढाताण होते.

ॲक्सेस-कंट्रोलमध्ये फक्त आतल्या नेटवर्कचे पत्ते असू द्या. सगळ्या जगाला उघडा ठेवलेला रिझॉल्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरला जातो, आणि त्या वाहतुकीत तुमची लाइनही बुडते.

शेवटची एक अडचण फॉरवर्डिंग सुरू केल्यावरच समोर येते. लाइन दहा मिनिटं गेली, परत आली, पिंग चालतो, पण नावं उघडत नाहीत. तेव्हा ‘अनबाउंड-कंट्रोल डंप-इन्फ्रा’ चालवून फॉरवर्डरच्या पत्त्यापुढचा आरटीओ (उत्तराची किती मिलिसेकंद वाट बघायची तो आकडा) बघा. तो १,२०,०००पर्यंत चढला असेल तर अनबाउंडने त्या फॉरवर्डरला मृत धरलं आहे. ही नोंद इन्फ्रा-होस्ट-टीटीएलप्रमाणे १५ मिनिटं टिकते, आणि फॉरवर्डर दोनच असले तर दोघेही मृत. ‘फ्लश-इन्फ्रा ऑल’ने ती लगेच पुसली जाते, रेकॉर्डची कॅश तशीच राहते. हे हाताने करावं लागू नये म्हणून इन्फ्रा-कीप-प्रोबिंग ‘येस’ करा आणि इन्फ्रा-होस्ट-टीटीएल ६० वर आणा. लाइन आली की मिनिटाभरात नावं उघडू लागतात.